सातपाटी ते जव्हार : ऐंशी किलोमीटरचा भूगोल

राज्य मंडळाचं दहावीचं भूगोलाचं पुस्तक २०१८ मध्ये बदललं. नव्या पुस्तकाचं पहिलंच प्रकरण ‘क्षेत्रभेट’. नळदुर्गची मुलं बसने अलिबागला निघतात. वाटेत माती बदलते, पिकं बदलतात, घाट लागतो, हवा दमट होत जाते आणि शेवटी समुद्र येतो. पुढची प्रकरणं भारत आणि ब्राझील यांची तुलना करत जातात : प्राकृतिक रचना, हवामान, वनस्पती, लोकसंख्या, वस्ती, व्यवसाय, वाहतूक. पुस्तकाची आखणी चांगली आहे. पण पालघर तालुक्यातल्या मनोरला बसून हे प्रकरण शिकणारं मूल नळदुर्ग–अलिबाग रस्त्याची वर्णनं पाठ करतं, आणि स्वतःच्या शाळेसमोरून जाणारा रस्ता त्याला अभ्यासाचा वाटतच नाही.

खरं तर या पुस्तकातल्या जवळजवळ प्रत्येक प्रकरणाचं उदाहरण मनोरहून जाणाऱ्या एका रस्त्यावर सापडतं. सातपाटीच्या बंदरावरून निघावं, पालघर, वाघोबा खिंड, मासवण करत मनोरला यावं, महामार्ग ओलांडून विक्रमगडमार्गे जव्हार गाठावं. अंतर साधारण ऐंशी किलोमीटर. समुद्रसपाटीपासून सुरू होणारा हा प्रवास सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर संपतो. वाटेत प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारायचा : हे इथेच का? प्राकृतिक आणि मानवी भूगोल या दोन्हींचं काम या एका प्रश्नावर चालतं.

भरतीचं गणित

सातपाटी म्हटलं की पापलेट. २०२३ मध्ये राज्य शासनाने पापलेटला राज्य मासा घोषित केलं, तेव्हा सातपाटीचं नाव सगळीकडे झालं. पण मासळी इथे का मिळते, हे शिकवायचं तर भूखंडमंचापासून सुरुवात करावी लागते. मुंबई ते खंबातचं आखात या पट्ट्यात भारताचा भूखंडमंच सर्वात रुंद आहे. मुंबई हाय हे तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत, तरी तिथलं पाणी जेमतेम ७५ मीटर खोल. उथळ पाण्यात तळापर्यंत प्रकाश आणि ढवळण पोचते, नद्या गाळ आणि पोषकद्रव्यं आणून टाकतात, आणि त्यावर माशांची अन्नसाखळी उभी राहते. भूखंडमंचाची व्याख्या दोन ओळींची आहे. सातपाटीच्या मुलाला ती त्याच्या घरच्या होडीवरून समजावता येते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद का ठेवतात, याचं उत्तरही मासळीच्या विणीच्या हंगामात आणि पावसाळी वाऱ्यांत मिळतं.

भरती-ओहोटीचा धडा तर इथे आयताच तयार आहे. आपल्या किनाऱ्यावर जुन्या माणसांचा एक हिशोब असतो : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास, सकाळी आणि संध्याकाळी. चतुर्थीला तीनच्या सुमारास. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं.

शिक्षकाने इथे थांबून विचारावं, पाऊणपटच का? चंद्र पृथ्वीभोवती फिरत पुढे सरकतो, म्हणून भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते. महिन्याच्या तीस तिथी आणि दिवसाचे चोवीस तास यांचा भागाकार केला तर एका तिथीला अठ्ठेचाळीस मिनिटं येतात. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस. हिशोब थोडा मागे पडतो, पण होडी पाण्यात लोटायला पुरेसा आहे. मुलांनी पंधरा दिवस बंदरावरच्या खांबावर पाण्याची खूण करावी, वेळ लिहावी आणि पाऊणपटीच्या उत्तराशी ताडून पाहावी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण येतं आणि अष्टमीला भांगाची भरती असते, हे त्यांच्या वहीतच दिसेल. मग वसईच्या बाजूला मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की पाणी का तुंबतं, हेही वेगळं शिकवावं लागणार नाही.

दगड, खिंड आणि गरम पाणी

पालघर सोडून पूर्वेला निघालं की थोड्याच वेळात डोंगर आडवा येतो. किनाऱ्याला समांतर, उत्तर-दक्षिण धावणारी ही रांग. पालघर–मनोर रस्ता वाघोबा खिंडीतून ती ओलांडतो, आणि खिंडीच्या बाजूला काळदुर्ग उभा आहे. खिंडीत वाघोबाचं ठाणं आहे आणि येणारे-जाणारे तिथे हात जोडतात. जंगल, बिबट्या आणि माणूस यांचं जुनं शेजारपण एका ठाण्यावरून कळतं. नैसर्गिक वनस्पती व प्राणी या प्रकरणात त्याला जागा हवी.

या डोंगरांचा दगड बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून दख्खनचं पठार तयार झालं, हे मुलांना पाठ असतं. नाशिककडे सह्याद्रीच्या कड्यांवर हे थर पायऱ्यांसारखे आडवे दिसतात. किनाऱ्याजवळच्या पट्ट्यात मात्र ते पश्चिमेला, समुद्राच्या दिशेने कललेले आहेत. भूगर्भशास्त्रात या वाकलेल्या पट्ट्याला पनवेल फ्लेक्शर म्हणतात. थर वाकले तेव्हा भेगा पडल्या, काही भेगांतून लाव्हा वर आला आणि गोठून उभा राहिला. या डाइकांचा दगड आजूबाजूच्यापेक्षा टणक असला की तो झिजायचा मागे राहतो. महामार्गावरून जाताना दिसणाऱ्या डोंगरांच्या चिरेबंद धारा पाहताना शिक्षकाने हा इतिहास सांगायला हवा.

याच कमकुवत पट्ट्यावर गरम पाण्याचे झरे आहेत. मनोरच्या परिसरात हालोली, कोकनेर, सातिवली. थोडं दक्षिणेला तानसा नदीच्या काठी गणेशपुरी, अकलोली, वज्रेश्वरी. नकाशावर टिंबं टाकत गेलं तर कोकनेरपासून रत्नागिरीतल्या राजापूरपर्यंत उत्तर-दक्षिण ओळ तयार होते. मुलांचा पहिला अंदाज असतो, की खाली ज्वालामुखी आहे किंवा गंधक पेटलंय. दोन्ही चूक. पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. जमिनीत दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं. झऱ्याचं पाणी ५० अंश असेल आणि इथल्या जमिनीजवळचं सरासरी तापमान २७ अंश धरलं, तर पाणी निदान पाऊण किलोमीटर खोल जाऊन आलं असलं पाहिजे. नववीच्या मुलाला फळ्यावर करता येईल एवढा हा हिशोब आहे, आणि तो केल्यावर ‘भूऔष्णिक ऊर्जा’ हा शब्द त्याच्यासाठी कोरा राहत नाही.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू–तलासरीत, विशेषतः धुंदलवाडीच्या परिसरात, भूकंपाचे लहानमोठे धक्के बसू लागले. लोकांनी रात्री घराबाहेर काढल्या. ‘महाराष्ट्र हा स्थिर पठाराचा भाग’ हे वाक्य घोकणाऱ्या वर्गाला तेव्हा एक सरळ प्रश्न पडला होता : मग आपल्याकडे जमीन का हलते? तो धडा पुस्तकात येईपर्यंत थांबायची गरज नव्हती.

मनोर इथेच का?

वस्तीचं स्थान हा मानवी भूगोलाचा पहिला धडा, आणि मनोर हे त्याचं नामी उदाहरण. वैतरणा, सूर्या आणि देहर्जे या नद्यांचं हे खोरं. वैतरणा उगम पावते त्र्यंबकच्या डोंगरात. त्याच डोंगराच्या दुसऱ्या बाजूने गोदावरी निघते आणि जवळजवळ दीड हजार किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. वैतरणा मात्र सुमारे दीडशे किलोमीटरमध्येच अरबी समुद्र गाठते. जलविभाजक म्हणजे काय, हे या दोन नद्यांच्या आकड्यांत आहे.

इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे, की वैतरणेत मुखापासून सुमारे २० मैलांपर्यंत २५ टनांची गलबतं येत. खाडीचं पाणी मनोरच्या आसपास संपतं. जिथे होडी थांबते तिथे माल उतरतो, बैलगाडीवर चढतो आणि बाजार बसतो. जंगलातलं लाकूड खाली जायचं, मीठ आणि मासळी वर यायची. या वाटेवर नजर ठेवायला डोंगरांवर किल्ले उभे राहिले : उत्तरेला अशेरी, वाड्याच्या रस्त्यावर कोहोज, पश्चिमेला काळदुर्ग, दक्षिणेला तांदुळवाडी आणि टकमक. यांतले काही पोर्तुगीजांच्या हाती होते आणि चिमाजी अप्पांच्या १७३७–३९ च्या वसई मोहिमेच्या काळात हा सगळा मुलूख मराठ्यांकडे आला. किल्ल्यांची नावं इतिहासात येतात. पण ते त्याच डोंगरांवर का, याचं उत्तर भूगोल देतो.

पुढे वाहतुकीची साधनं बदलली आणि त्यांच्याबरोबर गावांचं महत्त्व सरकत गेलं. समुद्रमार्ग प्रमुख होता तेव्हा केळवे-माहीम, तारापूर, डहाणू ही बंदरं मोठी होती. आजचा पालघर तालुका तेव्हा माहीम तालुका म्हणून ओळखला जाई. १८६० च्या दशकात मुंबई–सुरत रेल्वे किनाऱ्याच्या सपाटीवरून गेली, खाड्यांवर पूल बांधले गेले आणि स्टेशनची गावं वाढली. मग मुंबई–अहमदाबाद महामार्ग आला. त्याने खाड्या टाळून डोंगररांगेच्या पूर्वेची आतली खोरी धरली आणि मनोरला पुन्हा महत्त्व आलं. पालघर, वाडा आणि विक्रमगडचे रस्ते इथल्या महामार्गाला मिळतात, तर उत्तरेला चिल्हार फाट्यावरून बोईसरचा रस्ता फुटतो. आता मालवाहू रेल्वेमार्गिका, द्रुतगती मार्ग आणि बुलेट ट्रेन याच जिल्ह्यातून जात आहेत. बंदर, रूळ, महामार्ग आणि पुढची मार्गिका, या चार रेघा एका कोऱ्या नकाशावर वेगळ्या रंगांत काढल्या तर दोनशे वर्षांची स्थित्यंतरं एका पानावर दिसतात.

मनोरच्या मस्तान नाक्यावर, महामार्गालगत सुरक्षित जागी उभं राहून करायचा एक साधा अभ्यास आहे. तासभर जाणाऱ्या ट्रकांच्या नंबरप्लेटची सुरुवातीची दोन अक्षरं टिपायची : एमएच, जीजे, आरजे, एचआर. वर्गात येऊन टक्केवारी काढायची आणि राज्यांच्या नकाशात रंग भरायचे. बंदराचा पृष्ठप्रदेश हा शब्द मग परीक्षेपुरता उरत नाही.

पाऊस भरपूर, पाणी नाही

मनोरहून विक्रमगडकडे चढ लागतो. भातखाचरं लहान होत जातात, उतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरई दिसू लागते. भाताचं रोप टाकायच्या जागेवर पालापाचोळा, शेण आणि माती पसरून जाळतात, त्याला राब म्हणतात. राबाने तणाचं बी मरतं, जमीन भुसभुशीत होते, राख मिळते. जंगलातल्या फांद्या त्यासाठी तोडाव्या लागतात, ही त्याची दुसरी बाजू. व्यवसाय, माती आणि वनस्पती ही तीन प्रकरणं त्या एका राबात एकत्र येतात.

जव्हार–मोखाड्यात पावसाळ्यात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पुण्याच्या तिप्पट-चौपट. तरीही एप्रिल-मे महिन्यांत बायका हंडे घेऊन दरीत उतरतात. शाळेतल्या पुस्तकात अवर्षण म्हणजे कमी पाऊस. इथे पाऊस कमी नाही. बहुतेक सगळा चार महिन्यांत कोसळतो, उतार तीव्र आहे, मातीचा थर पातळ आणि खालचा बेसाल्ट घट्ट, त्यामुळे पाणी मुरण्याआधी ओढ्याला लागतं. विहिरीत जे साचतं ते वरच्या झिजलेल्या थरातलं, आणि तो थर उन्हाळ्यापर्यंत रिता होतो. मुलांनी गावातल्या एका विहिरीची पाणीपातळी दर महिन्याला दोर टाकून मोजली, तर वर्षअखेर हाती येणारा आलेख कोणत्याही पुस्तकातल्या आकृतीपेक्षा बोलका असेल.

खाली वाहून जाणारं पाणी वाया जातं असंही नाही. ते दुसरीकडे जातं. मुंबईसाठी तानसा धरण १८९२ मध्ये झालं, वैतरणेवरचं मोडकसागर १९५७ मध्ये, अप्पर वैतरणा १९७३ मध्ये, मध्य वैतरणा २०१४ मध्ये. सूर्या नदीवरच्या धामणी आणि कवडासच्या पाण्यातला वाटा वसई-विरार आणि मीरा-भाईंदरला जातो, आणि सिंचनासाठी बांधलेल्या प्रकल्पाचं पाणी शहरांना द्यावं का, हा वाद जिल्ह्यात जुना आहे. जलचक्राच्या आकृतीत बाष्पीभवन आणि वृष्टी यांचे बाण असतात. या जिल्ह्यात त्या आकृतीवर जलवाहिनीचाही एक बाण काढावा लागतो.

सरासरी फसवते

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. आठ तालुके, क्षेत्रफळ ५,३४४ चौरस किलोमीटर, २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे २९.९ लाख. भागाकार केला की घनता येते ५६०. हा आकडा लिहून गुण मिळतात, पण जिल्हा कळत नाही. एकट्या वसई तालुक्यात १३.४ लाख माणसं, म्हणजे जवळजवळ ४५ टक्के. मोखाड्यात ८३ हजार. अनुसूचित जमातींचं प्रमाण जिल्ह्यात ३७ टक्के, पण जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरीत ते नव्वद टक्क्यांच्या आसपास. आठ तालुक्यांचा छायाघनता नकाशा मुलांनी स्वतः रंगवला, की सरासरी काय लपवते ते त्यांना दिसतं. आकडेवारीकडे शंकेने पाहायची सवय याच वयात लागावी.

स्थलांतराचा धडा नाजूक आहे. भात झोडून झालं, दिवाळी सरली, की पूर्वेच्या तालुक्यांतली कुटुंबं जगायला बाहेर पडतात : भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर, रेतीवर, बांधकामावर. पावसाच्या तोंडावर परततात. मुलं बरोबर गेली की शाळा सुटते. पुस्तकात याला ‘हंगामी स्थलांतर’ म्हणतात, आणि ज्याच्यावर ही व्याख्या बेतली आहे ते मूल वर्गात तिसऱ्या बाकावर बसलेलं असतं. त्याला उभं करून नमुना बनवू नये. गावांची नावं, महिने आणि अंतरं यांचा नकाशा सगळ्या वर्गाने मिळून करावा. कुणाचं घर कुठे गेलं, हे ज्याचं त्याने सांगायचं की नाही ते ठरवावं.

कारखाना कुठे बसतो

मुख्य रस्ता सोडून बोईसरकडे वळलं की उद्योगांच्या स्थानाचं प्रकरण उघडतं. तारापूरचं अणुवीज केंद्र ऑक्टोबर १९६९ मध्ये व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागलं. देशातलं ते पहिलं. ते इथेच का? पश्चिम भारत कोळशाच्या खाणींपासून दूर, मुंबई आणि गुजरात या दोन मोठ्या ग्राहकांच्या मधोमध ही जागा, थंड करायला समुद्राचं अमर्याद पाणी, पायाला बेसाल्ट. चार कारणं, चारही नकाशावर दाखवता येण्यासारखी. पुढे प्रत्येकी ५४० मेगावॉटचे दोन नवे संच आले, आणि त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. स्थाननिश्चितीच्या धड्यात ही गावंही सांगायला हवीत.

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत रोजगारासाठी देशभरातून माणसं आली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात हीच तारापूर वसाहत ९३.६९ गुणांसह देशात सर्वाधिक प्रदूषित ठरली. आता डहाणूजवळ वाढवणला सुमारे ७६ हजार कोटींचं बंदर होत आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. किनाऱ्यापासून फार दूर न जाता मिळणारी सुमारे वीस मीटरची नैसर्गिक खोली हे त्याच्या जागेचं कारण. त्याच पाण्यावर जगणाऱ्या मच्छीमारांचा विरोध हेही भूगोलाचंच अंग. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित आहे, ही तिसरी बाब. वर्गाचे तीन गट करून तिन्ही बाजू मांडायला लावाव्यात. शिक्षकाने निकाल देऊ नये, पुरावा मागावा.

शिकवायचं कसं

परिसरातून शिकवण्याची परंपरा या जिल्ह्याला परकी नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं राखणारी वारली मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळाच कुरणात नेली. खडे, पानं, बिया हेच साहित्य. ती लहान मुलांची शाळा होती. माध्यमिक शाळेने तोच विचार नकाशा आणि मोजपट्टी घेऊन पुढे न्यायचा आहे.

त्यासाठी मोठा खर्च नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा स्थलनिर्देशक नकाशा, दोरा, तापमापी, होकायंत्र, वही. सहलीआधी प्रश्नावली मुलांनीच करावी. नकाशावर वाघोबा खिंडीपाशी समोच्च रेषा कशा जवळ येतात ते पाहूनच बस निघावी. परतल्यावर सातपाटी ते जव्हार असा उभा छेद आलेखकागदावर काढावा आणि त्याखाली चार पट्टे ओढावेत : दगड, पीक, घरं, काम. कोणत्या उंचीवर काय बदलतं आणि ते एकमेकांबरोबर बदलतं का, हे पाहणं म्हणजेच भूगोल. पूर्ण रस्ता जमणार नसेल तर एक टप्पा करावा. झरा, विहीर किंवा नाका, यांतलं एक जरी नीट केलं तरी पुरे.

परीक्षेची भीती दाखवली जाते. भूगोलाचा पेपर चाळीस गुणांचा. वेळ कुठे आहे? मार्च २०२० मध्ये करोनामुळे दहावीचा हाच पेपर रद्द झाला आणि इतर विषयांच्या सरासरीवरून भूगोलाचे गुण दिले गेले. कुणाचं शिक्षण अडलं नाही. पण ज्या जिल्ह्यात धरण, बंदर, अणुभट्टी, बुलेट ट्रेन आणि भूकंप यांचे निर्णय आणि परिणाम माणसांच्या अंगणात येऊन थांबतात, तिथे भूगोल न कळलेल्या नागरिकाचं पुढे अडतं. जाहीर सुनावणीत त्याच्यासमोर नकाशा ठेवला जातो आणि त्याला तो वाचता येत नाही.

म्हणून पालघर जिल्ह्यातल्या भूगोलाच्या शिक्षकांना एवढंच सुचवावंसं वाटतं : या वर्षी ‘क्षेत्रभेट’ हे प्रकरण वाचून दाखवू नका, घडवा. आणि पालकांनी त्या दिवसाला सहल म्हणून नाक मुरडू नये. त्या दिवशी मुलांचा भूगोलाचा तास चालू असतो.